‘सद्गती’ बघून माझा बाप हसला

मागच्या शिबिरात रात्रीची जेवणं झाल्यावर एका पोरानं मला सरळच विचारलं. म्हणाला, "सर, तुम्ही सारखे अंकुर, आक्रोश, सद्गतीचे दाखले देता. हे सिनेमे काढणारे सगळे सवर्ण. आपल्या दुःखावर त्यांनी बक्षिसं मिळवली. त्यांचं कौतुक आपण कशाला करायचं?" बाकीची पोरं हसली. मी वेळ मारून नेली. म्हणालो, "अरे, कला ती कला." वाक्य तोंडातून गेलं आणि माझीच मला लाज वाटली. हे वाक्य आपलं नाही. ज्यांनी आपल्या कवितेला ‘ही कविता तरी आहे का’ म्हणून विचारलं, त्यांचं हे वाक्य. चाळीस वर्षं चळवळीत काढून ऐन वेळी माझ्या तोंडात त्यांचंच वाक्य आलं. तेव्हा त्या पोराचं उत्तर उधार राहिलं. ते इथे देतो.

आधी कबुली. हे सिनेमे मला आवडतात. नुसते आवडत नाहीत, ते माझ्या अंगात मुरलेत. विशीत मी एका फिल्म सोसायटीचा मेंबर होतो. वसतिगृहातून चालत जायचो, कारण बसचे पैसे वाचवून वर्गणी भरलेली असायची. तिथे मी ‘अंकुर’ पाहिला, ‘मंथन’ पाहिला, ‘आक्रोश’ पाहिला. तोवर सिनेमा म्हणजे गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून दाखवायचे ते. त्यात आपली माणसं नसायचीच. असली तर ‘अछूत कन्या’ (१९३६) किंवा ‘सुजाता’ (१९५९). मुलगी गोड, सोशिक, आणि शेवटी एकीचा बळी, तर दुसरीचा कुणाच्या तरी मोठ्या मनानं उद्धार. आणि एकदम हे! उन्हात तापलेली जमीन, खरं खोपट, खरा घाम. पडद्यावर अशी चूल मी पहिल्यांदा पाहिली जिचा धूर माझ्या डोळ्यांना झोंबला. ते मी आज नाकारलं तर तो खोटेपणा होईल. ‘अंकुर’नं मला बघायला शिकवलं. कोण कुठे बसतो, कोण उभा राहतो, कोण दारात थांबतो, पाणी कोण कुणाला कसं देतो, ते बघायला. आपण हे सगळं भोगलेलं असतं, पण बघितलेलं नसतं. भोगणं आणि बघणं यात फरक आहे.

आता ते पोरगं म्हणत होतं त्याकडे येतो. त्याचंही खरं आहे. कसं ते सिनेमांवरूनच सांगतो.

श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ १९७४ चा. तेलंगणातलं खेडं. जमीनदाराचा शिकलेला पोरगा सूर्या शेतीवर येतो. लक्ष्मी त्याच्या घरी कामाला. तिचा नवरा किश्तय्या कुंभार, पण जर्मनची भांडी आली आणि मडक्यांचा धंदा बसला. सूर्या लक्ष्मीच्या हातचा चहा पितो, जात मानत नाही म्हणतो. चहापुरती जात सोडणारा हा माणूस आपल्याला चांगला ओळखीचा आहे. पुढे तो तिला भोगतो आणि तिला दिवस गेल्यावर हात झटकतो. हे सगळं बेनेगलांनी निर्दयपणे दाखवलंय. पण किश्तय्या कोण आहे? मुका आणि बहिरा. ताडी चोरली म्हणून त्याचं डोकं भादरून गाढवावरून धिंड काढतात आणि तो एक शब्द बोलू शकत नाही. शेवटी सूर्या त्याला मारतो, तेव्हाही तो बोलू शकत नाही.

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ १९८० चा, पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू हा आदिवासी. बायकोच्या खुनाचा आळ त्याच्यावर. वकील भास्कर कुलकर्णी जीव तोडून विचारतो, काय झालं ते सांग. लहान्या बोलत नाही. सगळा सिनेमा बोलत नाही. ओम पुरीचे नुसते डोळे.

सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ १९८१ चा, दूरदर्शनसाठी काढलेला, प्रेमचंदांच्या गोष्टीवरून. दुखी चांभार बोलतो, पण काय बोलतो? हो महाराज, जी महाराज.

दोस्तांनो, जरा सालं लक्षात घ्या. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला ३१ जानेवारी १९२० ला. मुक्यांचं पत्र. १९७२ साली मुंबईत पँथर जन्मली. त्याच साली ‘गोलपिठा’ आला. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली, मोर्च्यात भागवत जाधव गेला. सभागृहांना, संपादकांना, सरकारला कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात आपण बोलत होतो. १९७८ ला ‘बलुतं’ आलं आणि वाचणाऱ्यांची झोप उडाली. नेमक्या ह्याच वर्षांत चांगल्यातल्या चांगल्या दिग्दर्शकांनी आपल्याला पडद्यावर आणलं ते मुकं करून! रस्त्यावर आपण गर्जत होतो आणि थिएटरात मुके होतो. हा योगायोग मला पटत नाही. डाव होता असंही मी म्हणत नाही. मुक्या माणसाची कणव येते. बोलणाऱ्याशी हुज्जत घालावी लागते. त्या प्रेक्षकाला कणव हवी होती, हुज्जत नको होती. फिल्म सोसायटीत दिवे लागल्यावर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बाया-बाप्ये डोळे पुसत बाहेर यायचे. एकदा एका भल्या गृहस्थानं माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुमच्याकडे अजून असंच असतं का हो?" मी ‘हो’ म्हणालो. मीसुद्धा लहान्याच झालो होतो. त्याला विचारायला पाहिजे होतं की तुमच्याकडे कसं असतं?

आणखी एक बघा. राग कुणावर काढायचा, यातही ह्या सिनेमांची गोची झालेली आहे. लहान्याला बापाच्या अंत्यविधीसाठी बेड्या घालून आणतात. तो कुऱ्हाड उचलतो आणि कुणावर घालतो? स्वतःच्या तरण्या बहिणीवर. तिचं बायकोसारखं होऊ नये म्हणून. आणि मग किंचाळतो. ‘सद्गती’तला दुखीही कुऱ्हाड चालवतो, ती ओंडक्यावर. ताप अंगात, पोटात अन्न नाही, आणि शेवटी असा पेटून घाव घालतो की तिथेच मरतो. दोघांच्या हातात कुऱ्हाड आहे. एकाची लाकडावर पडते, एकाची बहिणीवर. गुन्हेगारापर्यंत ती पोचतच नाही. खुनाखुनी दाखवा असं मी म्हणत नाही. आपण बुद्धाच्या वाटेची माणसं. पण अन्याय झाल्यावर माणसाला दोनच गोष्टी करता येतात, गप्प मरणं किंवा वेडं होणं, हे खोटं आहे. तिसरी गोष्ट आपण करून दाखवलेली आहे. ती कोणती, ते मला माझ्या बापानं दाखवलं. आणि दाखवलं ते ‘सद्गती’तच.

साल १९८२. गिरण्यांचा संप चालू होता. आबा गिरणीत, म्हणजे घरी बसून. चाळीत एकाच घरात टीव्ही होता. ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी शटरचा. तिथे ‘सद्गती’ लागला. दारात, गॅलरीत माणसंच माणसं. मी आबाला मुद्दाम ओढून नेलं. म्हटलं, मोठ्या माणसाचा सिनेमा आहे, बघ.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. दुखीला मुलीची सोयरीक ठरवायची आहे, मुहूर्तासाठी पंडित घासीरामकडे जातो. गवताचा भारा घेऊन जातो, रिकाम्या हातानं नाही. पंडित त्याला झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो, ओंडका फोडायला लावतो. चिलमीला विस्तव मागितला तर पंडिताची बायको लांबून निखारा फेकते. दुखी मरतो. मढं विहिरीच्या वाटेवर पडलेलं. बामणांचं पाणी अडलं. पाऊस लागतो. झुरिया, म्हणजे स्मिता पाटील, पावसात पंडिताच्या दारात येऊन आक्रोश करते. दार उघडत नाही. आणि पहाटे कुणी बघत नाही असं बघून पंडित येतो. काठीनं मेलेल्याचा पाय वर करतो, त्यात दोराचा फास अडकवतो आणि एकटाच ते मढं ओढत ओढत गावाबाहेर नेतो, मेलेली गुरं टाकतात तिथे. मग घरी येऊन पाणी शिंपडतो.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आणि आबा हसला. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून हसला.

"बघ बघ, बामन मढं वढतोय! दोर बी लावता येईना त्येला. एकट्यानं वढत्यात व्हय? चार गडी लागत्यात."

मला इतका राग आला! मी म्हणालो, "आबा, माणूस मेलाय तिथं." तो काहीच बोलला नाही. सिनेमा संपल्यावर गॅलरीत विडी ओढत उभा होता. मी तिथे जाऊन परत म्हणालो, "हसण्यासारखं काय होतं?" तेव्हा तो म्हणाला, "माणूस मेला त्ये दिसतंय की मला. पन त्येंनी उचलला न्हाय, त्ये तू बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. खरंच बघितलं नव्हतं. दुखी मेल्यावर तिथला गोंड चांभारवाड्यात जाऊन सांगतो की मढ्याला हात लावू नका, पोलीस येतील, चौकशी होईल. पंडित सांगायला येतो आणि कुणी उठत नाही. सिनेमात हा प्रसंग लहानसा आहे. मी तो पुढच्या रडण्याची तयारी म्हणून बघितला होता. आबानं तोच सिनेमा म्हणून बघितला. कारण आबाच्या लहानपणी त्याचा बाप गावची मेलेली गुरं ओढायचा आणि आबा त्याच्याबरोबर दोर धरायला जायचा. दोर कसा लावायचा, किती गडी लागतात, त्याला पाठ. ५६ नंतर आमच्या वाड्यानं ते सोडलं. मेलेला बैल गावात तीन दिवस सडला होता म्हणे. शेवटी पाटलाच्या गड्यांनी नाकाला फडकी बांधून ओढला. आबा तेव्हा पोरसवदा, झाडावर चढून ते बघत होता. टीव्हीवर त्यानं तोच बैल ओढताना बघितला. म्हणून तो हसला.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेली जनावरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडायला सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, ह्या गोष्टीचा उच्चार कमी होतो. वास्तविक ती तितकीच मोठी आहे. तळ्यावर आपण जे नाकारलेलं होतं ते घेतलं. मढ्याच्या बाबतीत आपल्यावर लादलेलं होतं ते टाकलं. त्यात कुऱ्हाड नाही, किंकाळी नाही. नुसतं ‘नाही’. आणि त्या ‘नाही’साठी गावोगाव आपल्या माणसांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. हीच ती तिसरी गोष्ट.

प्रेमचंदांची गोष्ट १९३० च्या आसपासची. तेव्हा इकडे काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता आणि खुद्द उत्तरेत स्वामी अछूतानंदांची आदि-हिंदू चळवळ उभी राहिलेली होती. म्हणजे दुखीच्या मुलखातही ‘नाही’ म्हणणारी माणसं होती. प्रेमचंदांना ती पुरती दिसली नसतील, राय यांनाही नसतील. पण गोष्टीत ते न उचललेलं मढं येऊन पडलं आहे, आणि ते सगळ्यांना पुरून उरतं. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना उघड्यावर झोडपलं. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली गुरं आणून सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर टाकली. तुमची आई ना, तुम्हीच उचला! मी ती बातमी बघत होतो आणि मला आबाची थाप ऐकू आली. आबा तोवर राहिला नव्हता. असता तर म्हणाला असता, दोर दिला का त्येंना?

तर हे माझ्या ‘सद्गती’चं. आता ‘मंथन’ आणि ‘आक्रोश’बद्दल एकेक गोष्ट सांगतो, कारण त्यांनी मला सोडलेलं नाही.

‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली, तेव्हा सगळीकडे ह्या दोन रुपयांचं कौतुक झालं. ते योग्यच आहे. पण त्यातल्या भोळाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. सिनेमात आपण ‘हरिजन’ आहोत. डॉक्टर राव शहरातून येतो, सहकारी सोसायटी काढतो. भोळाचा त्याच्यावर विश्वास नाही, आणि का असावा? सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच पडतो, हरिजनवाड्यातला मोती निवडून येतो. मग वाडा जळतो. रावची बदली होते, तो जातो. इथवर नेहमीचंच आहे, शहरातला भला माणूस आला आणि गेला. पण भोळा राहतो. वाडीत परत हाका मारतो की सोसायटी आपली आहे, आपणच चालवायची. त्या काळात आपल्या माणसाला नुसतं सोसायला न लावता पुढचं काम करायला लावणारा हा सिनेमा आहे, म्हणून तो मला ‘अंकुर’पेक्षा मोठा वाटतो. रावसारखे जाणारच. चांगले असले तरी जाणार. आपण भोळा तयार करतो की नाही, एवढाच प्रश्न.

‘आक्रोश’मधलं जे माझ्या मानगुटीवर बसलंय, ते लहान्या नव्हे. तो सरकारी वकील दुसाने. अमरीश पुरी. तो स्वतः आदिवासी, शिकून वर आलेला. रात्री-बेरात्री त्याला फोन येतात, जातीवरून शिव्या देतात. तो फोन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात लहान्याच्या विरुद्ध उभा राहतो, कारण कायदा पुराव्यावर चालतो. विशीत मला तो नुसता खलनायक वाटला. पुढे मला नोकरी लागली. ऑफिसात एकदा चहाच्या वेळी राखीव जागांवरून टोमणा आला आणि मी तो हसण्यावारी नेला. संध्याकाळी लोकलमध्ये समोरच्या बाकावर दुसाने बसलेला! काही म्हणाला नाही. नुसता बघत होता. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांना उद्या नोकऱ्या लागतील, लागाव्यात. तेव्हा हा माणूस तुमच्याही समोर येऊन बसेल. त्याला ओळख द्या. लहान्याचं मौन लादलेलं होतं. दुसानेचं मौन कमावलेलं आहे. ते फोडायला जास्त ताकद लागते.

शेवटी धोंड्याचं. ‘अंकुर’ संपतो तेव्हा एक पोरगा सूर्याच्या खिडकीवर धोंडा मारतो, काच फुटते आणि पडदा लाल होतो. फिल्म सोसायटीत टाळ्या पडायच्या, मीही वाजवायचो. टाळ्या वाजवायला सोपं होतं, धोंडा जमीनदारावर होता ना! चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ लागला. कैकाड्याचा पोरगा जब्या. डुक्कर धरायला शाळेजवळ सगळं कुटुंब पळतंय, गाव बघून हसतंय. डुक्कर मेल्यावर काठीला बांधून खांद्यावर घेऊन चाललेत, आणि मागे भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र. ज्यांनी मढं ओढू नका सांगितलं, त्यांच्या चित्रावरून मढं चाललंय! मी खुर्चीत पुढे सरकलो. ही भिंत आमच्या कुठल्याच आवडत्या सिनेमात नव्हती. ‘मंथन’च्या वाड्यात, ‘अंकुर’च्या खोपटात मला तरी बाबासाहेब कधी दिसले नाहीत. इथे आहेत, आणि पोरगं त्यांच्यासमोरून मान खाली घालून जातंय. शेवटी जब्या धोंडा उचलतो आणि कॅमेऱ्यावर मारतो. म्हणजे आपल्यावर. थिएटरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी, पन्नाशी ओलांडलेला कार्यकर्ता, नकळत डोकं बाजूला घेतलं. कारण तोवर मीही खुर्चीत बसून बघणारा झालो होतो. आणि जब्या तर आपल्याही मागे राहिलेल्या जातीतला. आपण जयभीमवाल्यांनी तरी त्याचं डुक्कर कधी बघितलं होतं?

तर त्या पोराला माझं उत्तर असं. ह्या सिनेमांचं कौतुक करू नकोस. ते सवर्णांनी काढलेत म्हणून फेकूनही देऊ नकोस. त्यांनी आपल्याला मुकं केलं हे खरं, पण कॅमेऱ्यासमोर खरी वस्तू ठेवली की ती दिग्दर्शकाचं सगळं ऐकत नाही. राय यांनी मढं दाखवलं, माझ्या बापानं त्यात नकार बघितला. दिग्दर्शकाला दिसलं नसेल ते बघणारा डोळा आपल्या वस्तीत आहे. तो फिल्म सोसायटीत मला मिळाला नसता. तिथे मी रडायला शिकलो होतो.

हल्ली हे सिनेमे मोबाईलवरही सापडतात, आणि तुम्ही ते एकेकटे, कानात बोंडं घालून बघता. तसं बघू नका. विहारात पडदा लावा. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा, झाडूवाल्या मावश्यांना बसवा, कैकाडी-वडारांच्या पोरांनाही बोलवा. सिनेमा संपल्यावर भाषण ठोकू नका. गप्प बसा, आणि पहिलं कोण काय बोलतं ते लिहून घ्या. कुणी भलत्याच ठिकाणी हसलं तर त्याला गप्प करू नका. का हसला ते विचारा.

मी त्या रात्री विचारलं, ते रागानं विचारलं. तरी उत्तर मिळालं.

जयभीम.